डाव्या स्पीकरची वायर

मित्रांनो, घरात गाणे लागले की तुम्ही गायिकेचे कौतुक करता, स्पीकरचे करता, फार तर हरवलेला रिमोट शोधून देणाऱ्याचे करता. स्पीकरच्या पाठीमागून जाणाऱ्या वायरकडे कुणाची नजर जात नाही. गेलीच तर समजावे, काहीतरी बिनसले आहे आणि आता आपली धडगत नाही. मी तशीच एक जुनी वायर आहे. माझ्यावर जो आळ आला, त्याची ही हकिगत.

माझे अंग तांब्याचे. केसासारख्या बारीक तारा पिळून त्यांच्या दोन जुड्या केल्या आणि वर पारदर्शक आवरण चढवले. जोडणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून एका जुडीवर लाल रेघ ओढली. मग रिळावर गुंडाळून मला एका दुकानात धाडले. तिथे मी दांड्याला टांगलेली असे आणि समोरच्या काचेच्या कपाटात, मखमली डब्यात, एक जाडजूड केबल पहुडलेली असे. तिच्या टोकांना सोनेरी मुलामा होता. गिऱ्हाईक आले की दुकानदार आधी तिचाच डबा उघडी.

एकदा दोघेजण आले. एक होते सुतारबाबा. घरामागच्या शेडमध्ये विजेच्या करवतीवर त्यांचे उभे आयुष्य गेले होते, म्हणून सगळी आळी त्यांना याच नावाने ओळखे. बरोबर त्यांचे जावई होते, ते बस चालवत. सुतारबाबांना घरी होम थिएटर बसवायचे होते. स्पीकरची लाकडी खोकी त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती. राहिली होती ती वायर.

दुकानदाराने मखमली डबा पुढे सरकवला. "ही न्या. आवाज कसा, दुधासारखा येईल."

"दुधासारखा म्हणजे पाणी घातलेला ना?" सुतारबाबा म्हणाले.

जावई हसले आणि त्यांनी मला बोटांत धरून पाहिले. "बाबा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तर जायचंय. तेवढ्याला ही पुष्कळ झाली. तांबं खरं आहे, जाडीही पुरेशी आहे. सोनेरी टोकांनी गाणं काही जास्त गोड होत नाही."

"बरोबर आहे साहेबांचं," दुकानदार लगेच म्हणाला. "मी रोज यांच्याच बसने येतो."

झाले! सुतारबाबांच्या भुवया वर चढल्या. हा दुकानदार इतक्या सहज कसा राजी झाला? यांची आपसांत ओळख निघते, हे जावयाने आधी का सांगितले नाही? त्यांनी मला घेतले खरे, पण पिशवीत माझ्याबरोबर तो संशयही घरी आला.

एकाच रिळातून आम्ही दोघी कापल्या गेलो, मी आणि माझी बहीण. ती उजव्या स्पीकरला गेली, मी डाव्या. जावयांनी आमची टोके सोलली, तारा नीट पिळल्या, लाल रेघ लाल खाचेत बसवली. सुतारबाबा मागे हात बांधून उभे होते. "घट्ट बसवलंत ना?" त्यांनी तीनदा विचारले.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. सुट्टीच्या दिवशी मुलगी, जावई आणि नात येत. नातीचे पाय कधी एका जागी ठरत नसत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सिनेमा लागला की मात्र ती आजोबांच्या मांडीवर गपगार बसे आणि पुढे काय होणार ते त्यांच्या कानात आधीच सांगून टाकी. आजी म्हणे, "अगं, त्यांना बघू तरी दे!"

मग हळूहळू काहीतरी बदलले. सुतारबाबा सिनेमा चालू असताना मान तिरकी करू लागले. उठून माझ्या स्पीकरपाशी यायचे, पुन्हा सोफ्यावर जाऊन बसायचे. एक दिवस ते म्हणाले, "डावा स्पीकर मंद वाजतोय."

"मला तर नाही वाटत," आजी म्हणाली.

"तुला कशाला वाटेल? फरशी पुसताना तूच ओढली असशील वायर."

तिथून जी चौकशी सुरू झाली, ती काही थांबेना. आजीवर संशय घेऊन झाला, मग उंदरांवर घेऊन झाला. त्यांनी माझे अंग टोकापासून टोकापर्यंत चाचपले. कुठे दात लागल्याची खूण सापडेना. टोके पुन्हा सोलली, पुन्हा पिळली. मग मला उजवीकडे लावले आणि बहिणीला डावीकडे. तरीही डावीकडचाच आवाज मंद! स्पीकरवर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खोकी त्यांनी स्वतः घडवली होती. तेव्हा त्यांनी निकाल दिला, "दोन्ही वायरी एकाच रिळातल्या. दोन्ही खोट्या."

मित्रांनो, कुणी सारखे आपल्याकडे वाकड्या नजरेने पाहू लागले की आपला आपल्यावरचा विश्वासही डळमळतो. गाणे माझ्यातून पुरते जात होते, हे मला कळत होते. तरी मनात येई, आत कुठेतरी एखादी तार तुटली तर नसेल? बहिणीकडेही मी संशयाने पाहू लागले. तीही माझ्याशी पूर्वीसारखे बोलेना.

पुढच्या सुट्टीला सगळे जेवायला बसले होते. सुतारबाबांनी कोशिंबिरीचे भांडे खाली ठेवले आणि एकदम म्हणाले, "जावईबापू, खरं सांगा. त्या दुकानदाराचं आणि तुमचं काय ठरलं होतं?"

जावयांचा घास हातातच राहिला. "कसलं ठरलं होतं?"

"त्याचा पडून असलेला माल आमच्या गळ्यात मारलात तुम्ही."

"बाबा!" मुलगी ओरडली. "अहो, काय बोलताय तुम्ही?"

जावयांनी घास ताटात ठेवला. ताटाला नमस्कार करून उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मुलीने भराभर पिशवी भरली. "आता आम्हाला बोलावू नका," ती आईला म्हणाली, पण रोख वडिलांवर होता.

निघताना भिंगरी धावत परत आली. सुतारबाबा सोफ्यावर घुश्शात बसले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला टाचा उंचावून उभी राहिली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट पाहत थांबली. त्यांनी मान वळवली नाही. पोर हिरमुसली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुतारबाबा एकटेच जाऊन तो मखमली डबा घेऊन आले. आम्हा दोघींना हिसका देऊन उपटले आणि वेटोळे करून खिडकीजवळच्या खुंटीला अडकवले. सोनेरी टोकांची केबल आमच्या जागी बसली. "आता कसं!" ते मोठ्याने म्हणाले. "याला म्हणतात आवाज!"

पण मी खुंटीवरून बघत होते. आजी स्वयंपाकघरात गेली की ते डाव्या स्पीकरकडे झुकायचे. चेहरा उतरायचा. ती आली की पुन्हा ताठ बसायचे. आजीलाही काहीतरी खटकत होते. ती पदराला हात पुसत दारात उभी राही आणि त्यांना न्याहाळत असे.

एका सकाळी सोफ्याचा पाय खिळखिळा झाला. सुतारबाबांनी सोफा उलटा केला आणि टीव्हीकडे पाठ करून पाय ठोकायला बसले. मागे गाणे चालू होते. ठोकता ठोकता हातोडी थांबली. "आला!" ते ओरडले. "डाव्याचा आवाज आला! अगं, नवी केबल आता कुठे लागू पडली!"

ते आनंदाने टीव्हीकडे वळले. आवाज गेला. पुन्हा पाठ केली. आला. पुन्हा वळले. गेला. आता उजवा स्पीकर खणखणीत आणि डावा मुका. पाठ केली की डावा खणखणीत आणि उजवा मुका. त्यांनी हातोडी हळूच फरशीवर ठेवली. मग एक हात उजव्या कानावर दाबून ते तसेच बसून राहिले.

आजी त्यांच्या डावीकडे येऊन उभी होती. "अहो," ती म्हणाली. "अहो, ऐकलंत का?" तिसऱ्या हाकेलाही ते हलले नाहीत. तिने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून त्यांनी कानावरचा हात काढला.

"केव्हाची हाका मारतेय मी."

"मारल्यास?"

आजी त्यांच्या समोर खाली बसली. "त्या दिवशी भिंगरीही याच बाजूने बोलली होती तुमच्याशी. मी मागेच उभी होते. तिने काय विचारलं, माहीत आहे?"

"काय?"

"आजोबा, माझं काही चुकलं का?"

सुतारबाबांचे डोळे भरून आले. "मला ऐकूच आलं नाही गं," ते म्हणाले. "तिला वाटलं असेल, मी मुद्दामच..."

मग त्यांनी फोन घेतला. डाव्या कानाकडे नेला, थबकले आणि उजव्याला लावला. "जावईबापू, मी बोलतोय. वायर चांगली होती. खोट माझ्या कानात आहे." त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट बोललो मी. कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. एकट्याला भीती वाटते."

त्याच दिवशी जावई पाळी बदलून आले. दारातून आत येताना चेहरा गंभीर होता. सुतारबाबा पुढे झाले आणि त्यांनी जावयांचे दोन्ही हात धरले. "चला बाबा," जावई म्हणाले. "आधी कान दाखवू. भांडण नंतरही करता येईल."

डॉक्टरांनी सांगितले की करवतीच्या आवाजाने हे दुखणे वर्षानुवर्षे पोसले आहे. डाव्या बाजूचे जे ऐकू येणे गेले, ते परत यायचे नाही. उरलेले जपायला हवे. कानात यंत्र घालायचे आणि करवत चालवताना दोन्ही कान झाकायचे. यंत्र आल्यावर सुतारबाबांनी पहिले काही दिवस त्याच्यावरही संशय घेतला. "यात भांड्यांचाच आवाज जास्त येतो," असे त्यांचे म्हणणे. हळूहळू सवय झाली.

भिंगरी मात्र लगेच जवळ आली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून आजोबांकडे बारीक नजरेने बघत राहायची. एकदा त्यांनी तिला यंत्र काढून दाखवले. "तू त्या दिवशी बोललीस ना, ते मला ऐकू आलं नव्हतं. तुझं काही चुकलं नव्हतं."

"खरंच ऐकू नव्हतं आलं?"

"खरंच."

तिने बराच विचार केला. आजोबांनी यंत्र पुन्हा कानात घातले. मग डाव्या बाजूने जाऊन, अगदी हळू, काहीतरी कुजबुजली. आजोबा हसले आणि म्हणाले, "मिळेल. पण आजीला सांगायचं नाही." ते काय होते, ते मला खुंटीवरून ऐकू आले नाही.

सोनेरी केबल जागची हलवली नाही. तिचेही काम चांगले चालले होते. माझ्या बहिणीला जावयांनी त्यांच्या घरच्या रेडिओसाठी नेले. मी मागे राहिले, आणि जुनी वस्तू मागे राहिली की तिच्या मनात नाही नाही ते येते. जावई पक्कड घेऊन आले, तेव्हा वाटले, आता कचऱ्याचा डबा.

पण त्यांनी मला शेडमध्ये नेले. कान झाकून करवत चालवताना सुतारबाबांना कुणाची हाक ऐकू यायची नाही. म्हणून सासरे-जावयांनी मिळून करवतीच्या समोर बॅटरीवरचा एक लहान दिवा बसवला, मागच्या दाराशी एक बटण लावले आणि मधल्या वाटेवर मला ताणले. बटण दाबले की दिवा लागतो. सुतारबाबा करवत बंद करतात, कान उघडे करतात आणि बाहेर येतात.

भिंगरी सुट्टीत आली की उगाचच बटण दाबते. "काय गं?" ते विचारतात. "काही नाही," ती म्हणते. ते पुन्हा कामाला लागतात. जरा वेळाने पुन्हा दिवा. अजून तरी ते तिच्यावर रागावलेले नाहीत.

मित्रांनो, वायरीला दारात चिरडू नका, तिला धरून ओढू नका. तिच्यावर शंका आली तर खुशाल तपासा, पण तपास अर्ध्यावर सोडू नका. आणि तुमच्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर रुसण्याआधी दुसऱ्या बाजूला जाऊन एकदा पुन्हा हाक मारून पाहा.

आता थांबते. मागच्या दारात कुणीतरी बटण दाबले आहे.