काळी चार

"बाबा, तुम्ही नका उचलू. कंबर धरली तर मलाच शेकत बसावं लागेल," म्हणत मुलीने पेटी गाडीतून काढली आणि स्टुडिओचा जिना चढायला लागली. मी रिकाम्या हातांनी मागून गेलो. प्रत्येक पायरीला वाटत होतं, ही पेटी आत्ता पडावी आणि फुटावी. चाळीस वर्षं बाजाच्या पेट्या दुरुस्त करून पोट भरलेल्या माणसाला असं वाटावं, म्हणजे मी किती घाबरलो असेन ते समजा.

रेकॉर्डिस्टने दार उघडलं. "या, या. मशीन अजून धडधाकट आहे. माझीच वॉरंटी संपलीये," तो म्हणाला. मुलगी हसली. मला हसता आलं नाही.

माझी बायको गायची. लग्नाआधी तिची आठ गाणी निघाली होती, लोकांना पाठ होती. पुढे मुलगी झाली, कार्यक्रम सुटले, घरच्या शिकवण्या राहिल्या. साठाव्या वर्षी एका कंपनीने तीच आठ गाणी तिच्याकडून पुन्हा गाऊन घ्यायचं ठरवलं. ज्यांची चाल फार वर जात नाही अशी तीन पहिल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी तिने काम थांबवलं आणि अल्बम तिथेच पडून राहिला. शिकवण्याही तिने बंद केल्या. त्यानंतर तीन वर्षं जगली, पण घरात साधं गुणगुणलीसुद्धा नाही.

आता मुलीला झालेली तीन गाणी तरी बाहेर काढायची होती. त्यातल्या एकात पेटी भरायची राहिली होती, ती मुलगी स्वतः आईच्या पेटीवर वाजवणार होती. मी दोनदा म्हणालो, स्टुडिओतली चांगली असते. "आईची ती आईची," म्हणाली. विषय संपला.

पण मला भीती त्या पेटीचीच होती.

बायको कायम काळी चारमध्ये गायची. पेटीची चौथी काळी पट्टी, तोच तिचा सा. "ज्या दिवशी खाली उतरावं लागेल त्या दिवशी गाणं बंद," असं म्हणायची, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. पन्नाशीला वरचा सूर तिला ओढून लावावा लागायला लागला. एकदा पेटी साफ करायला उघडली असताना मी सगळे सूर किंचित उतरवले. आतल्या पितळी जिभेच्या बुडाशी कानस फिरवली की सूर उतरतो. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आज गळा मोकळा आहे हो." चेहरा असा उजळला होता की पुढच्या वर्षी मी पुन्हा कानस घेतली. मग दरवर्षीच. तानपुराही त्या पेटीवरूनच लावायचो. दहा वर्षांत आमच्या घरची काळी चार म्हणजे बाहेरची काळी तीन झाली होती.

कंपनीचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. "पट्टी? काळी चार. आणखी कुठली?" ती म्हणाली. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

रेकॉर्डिस्टने आधी दुसऱ्या दिवसाचं अर्धवट गाणं लावलं. मुलीने ते कधी ऐकलंच नव्हतं. बायकोचा आवाज खोलीत आला, वर चढत गेला आणि वरच्या सुराशी चिरला. मग ती नुसती बोलली, "काल घरी लागला होता हो हा. तीनदा लागला."

"घरी लागत होता, मग इथे का नाही?" मुलीने विचारलं.

"आवाज आहे, बेटा. एखादा दिवस रुसतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मुलीने पेटीचा भाता उघडला आणि काळी चार दाबली. मशीनमध्ये तानपुरा चालूच होता; त्याचा सूर वर राहिला, पेटीचा खाली. तिने पुन्हा दाबली. रेकॉर्डिस्टला तेव्हाच कळलं असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जुनी पेटी आहे. बंद राहिली की उतरते."

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"बाबांच्या हाताखालची पेटी उतरते?" मुलगी म्हणाली. "पूर्ण एक सूर? आणि तीही सगळी सारखी?"

"मी उतरवली," मी म्हणालो. सगळं सांगितलं, कानशीपासून फोनपर्यंत.

तिने भाता बंद केला. "आईला वाटलं, आपला आवाज एका दिवसात मेला. तीन वर्षं तिला तसंच वाटत होतं. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"भीती वाटली."

"कसली?"

"ती गायची थांबेल, याची."

रेकॉर्डिस्ट उठला. "चहाचं बघतो," म्हणत बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं.

"पुढचं लावते," मुलगी म्हणाली. "बसा. सगळं ऐकायचं. मीही ऐकते."

बायकोने नऊ वेळा प्रयत्न केला होता. पहिल्या तीन वेळा चुकल्यावर ती हसते. चौथ्यानंतर पाणी मागते. पुढे पुढे बोलणंच बंद होतं, नुसता तानपुरा ऐकू येतो. तो मी वाजवत होतो, तिच्या शेजारी बसून. त्या सकाळी तारा स्टुडिओच्या सुराला मीच चढवल्या होत्या. खुंट्या पिळतानाच कळत होतं, घरच्यापेक्षा पूर्ण एक सूर वर जातोय.

नववा चुकतो. तानपुरा थांबतो.

"अहो," ती म्हणते, "तुमचा कान पक्का आहे. सांगा ना, मी कुठे चुकतेय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. मशीन चालू होतं. त्यात माझं उत्तर नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि ती चपला पायात घालत असल्याचा.