नाव झाकणारी पट्टी

मी सागाची एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो, आणि सध्या मी भयंकर रागात आहे. माझ्यावर सेंटिमीटरच्या खुणा नाहीत, कारण मला मोजण्यासाठी केलेलंच नाही. धरमपेठेतल्या एका साहित्यिक त्रैमासिकाच्या कचेरीत मी नावं झाकायचं काम करत असे.

मनकर्णाबाईंनी ते त्रैमासिक सुरू केलं, तेव्हा टेबल करून उरलेल्या फळीतून मला कापून घेतलं. कथेच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव-पत्ता असे. त्यावर बाई आधी मला ठेवत आणि मगच वाचायला लागत. होकार की नकार हे ठरल्याशिवाय मला कोणी उचलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. एकदा नकार ठरल्यावर मला उचललं, तर खाली त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव! बाईंनी कथा परतच पाठवली. बाबाराव वर्षभर बहिणीशी बोलले नाहीत. लोक म्हणत, या अंकात कधी कोणाचा नंबर लागेल सांगता येत नाही. ते ऐकून मी फुगून जायची, खोटं कशाला बोलू?

बाई गेल्या. त्यांचे भाचे दुर्गेश संपादक झाले आणि मला कूलरच्या खिडकीत कोंबलं, का तर झडप आपटू नये. पाणी उडून उडून माझं एक टोक काळं पडलं. त्याचंही मला फार वाटलं नाही. पण तिथून रोज दिसायचं, की दुर्गेशसर कथा हातात घेऊन आधी नाव वाचतात आणि पुष्कळदा तेवढंच वाचतात.

यंदा दिवाळी अंकासाठी दीप्ती नावाच्या नवख्या मुलीची कथा आली. सरांनी आडनाव पाहिलं, जरीपटका वस्तीतला पत्ता पाहिला आणि साहाय्यक संपादक मोनालीला म्हणाले, “हिले एप्रिलच्या जयंती विशेषांकात टाकू.”

“वाचली का सर? कूलरच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाची गोष्ट हाये. तिले एप्रिल काहून?”

“अवं, बौद्धांची पोरगी हाये ना! तिथंच शोभन.”

एक ओळसुद्धा वाचली नव्हती, मित्रांनो!

दुसऱ्या दिवशी मोनालीने मला खिडकीतून उपटलं, ओढणीने पुसलं, त्याच कथेच्या नावावर ठेवलं आणि पानं सरांपुढे सरकवली. मोनालीचं कालचं बोलणं सरांच्या लक्षातही नव्हतं; ते वाचू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“कोनं लिहिलं वं हे? दिवाळी अंकात पह्यली हेच घे!”

मोनालीने मला उचललं. नाव पाहून सरांनी पानं बाजूला सारली. “एप्रिलमधेच बरी वाटन.”

“आत्ता तर हसून राह्यले होते, सर!”

“तू मले संपादन शिकवून राह्यली का?”

दिवाळी अंक निघाला. पहिल्या पानावर एका बड्या साहेबांची कथा आहे. दीप्तीचा फोन आला, “ताई, माही कथा आवडली नाही का?” मी पुन्हा खिडकीत आहे.

उद्या तुमच्या शाळेचं हस्तलिखित निघेल, तेव्हा वाचताना नावावर हात ठेवा. तळहात पुरतो, सागवान लागत नाही. आणि कथा आवडली, तर हात उचलल्यावर शब्द फिरवू नका. तेवढी हिंमत नसेल, तर त्या खुर्चीवर बसूच नका.