किशनरावांच्या गाडीचा हॉर्न

गुरुवारी सकाळी दहाच्या आत वालूरला किशनरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. सेलू, मानवत, पाथरी, कुठून कुठून माणसं यायची. मधोमध किशनरावांची जुनी अँबॅसेडर उभी. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला झेंडूचा हार. इंजिन बंद, किल्ली घरात कपाटात. आणि तरी गाडी बोलायची.

ड्रायव्हरच्या सीटवर गोपाळबुवा डोळे मिटून बसायचे. दोन्ही हात वर, सगळ्यांना दिसतील असे.

"बोला मालक! आलाव का?"

पोंऽऽ!

बाया पदर डोळ्याला लावायच्या. बुवा मान डोलवायचे. "बॅटरी म्हणजे मूलाधार! तिथून उठलेलं चैतन्य वायरीवायरीतून वर चढतं आन् भोंग्यात प्रकटतं. सायन्सवाल्यांना हे कळायला अजून शंभर वर्षं लागत्याल!" एकदा वाजला तर हो, नाही वाजला तर नाही. मेलेल्या माणसाशी बोलण्याची एवढी सोपी रीत गावानं कधी पाहिली नव्हती.

मी सेलूचा भुजंग मिस्त्री. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. अंगात येणाऱ्यांची टिंगल करतो, शाळेच्या कार्यक्रमात जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवतो. त्या गर्दीत हॉर्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो का वाजला हे मला तिथंच कळलं. तरी मी गप्प बसलो, कारण ते वायरिंग माझं होतं.

दिवाळीनंतर किशनरावांनी गाडी नव्यानं उभी करायला काढली होती. जुन्या वायरींवरचं कापडी वेष्टण बोट लावलं की भुगा होऊन पडायचं. सगळं वायरिंग बदलायचं ठरलं. आग्रह त्यांच्या सुनेचा, राजेश्रीचा; ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मोबाइलवर दोन किट शोधून ठेवले होते. एक याच मॉडेलचा. मूळ नकाशाप्रमाणे प्रत्येक वायरीला वेगळा रंग, टोकाला चिठ्ठी, पत्र्यातल्या प्रत्येक भोकात बसवायला रबरी कडी, बंडल आवळायला क्लिपा. दुसरा कुठल्याही गाडीला चालणारा. नुसत्या लांबच लांब वायरी, रंग दोनच, बाकी काही नाही.

"मामा, पहिलाच घ्या," ती सासऱ्यांना म्हणाली. "उद्या काही बिघडलं तर रंग बघून कुणालाही कळंल."

मी हसलो. "ताई, रंग बघून शिकाऊ माणसं वायरिंग करत्यात. माझे डोळे बांधले तरी मी गाडी जोडीन. नकाशाची भानगड कशाला?"

किशनरावांचा माझ्यावर भरवसा. दुसरा किट आला. खरी गोष्ट अशी की मला तो नकाशा वाचता येत नव्हता, आणि एका बाईसमोर ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

हॉर्नच्या बटणाची वायर मी स्टिअरिंगच्या दांड्याशेजारच्या उघड्या भोकातून ओढली. भोकाची कड पात्यासारखी होती. बंडल डॅशबोर्डखाली तसंच लोंबत ठेवलं. गाडी सुरू झाली, दिवे लागले, किशनरावांनी माझी पाठ थोपटली.

चैत्रात किशनराव झोपेतच गेले. हृदयाचा झटका. तेराव्याला मंडपात ठेवायला म्हणून चौघांनी गाडी ढकलत बाहेर काढली, कुणी तरी स्टिअरिंग वळवलं आणि हॉर्न आपोआप वाजला. त्यांच्या पत्नी, धुरपताकाकू, धावत बाहेर आल्या. "आले! मालक आले!" प्रवचनाला आलेले गोपाळबुवा गाडीत जाऊन बसले, थोडा वेळ चुळबुळले, आणि हॉर्न पुन्हा वाजला. त्या दिवसापासून बुवांचा मुक्काम वालूरलाच.

मी गेलो त्या गुरुवारी बुवांनी मला पुढं बोलावलं. "ह्या हातांनी चैतन्याला वाट करून दिली!" गर्दीनं टाळ्या वाजवल्या. शाल आणि नारळ मी घेतला. वाकून घेतला.

मग धुरपताकाकू पुढं आल्या. हात जोडलेले. "मालक, सूनबाईनं गाडी दुरुस्त करायचा हट्ट धरला. तुमी लय दमलाव. तिच्याच पायगुणानं गेलाव का?"

राजेश्री ओसरीवर उभी होती. शेजारी तिचा नवरा दत्तराव. मी बुवांचे गुडघे बघत होतो. उजवा गुडघा हळूच वर सरकला.

पोंऽऽऽ!

एवढा लांब तो कधीच वाजला नव्हता. दत्तरावानं मान खाली घातली. दोन दिवसांनी राजेश्री बॅग घेऊन माहेरी, पेडगावला गेली. मला हे चहाच्या टपरीवर कळलं. मी चहा संपवला आणि दुकान उघडलं.

आठवड्यानं ती दुकानात आली. बसली नाही. मोबाइलवर तोच नकाशा काढून माझ्यासमोर धरला.

"काका, किल्ली नसताना हॉर्न वाजतो, म्हणजे त्याला करंट थेट बॅटरीचा. बटण फक्त वायर पत्र्याला टेकवून सर्किट पूर्ण करतं. मग बटण न दाबता ती वायर दुसरीकडंच पत्र्याला टेकायलीय. बरोबर?"

"बघावं लागंल," मी म्हणालो. तेव्हाही मी एवढंच म्हणालो.

"मग गुरुवारी बघायला चला."

त्या गुरुवारी ती सरळ गर्दीतून गाडीपाशी गेली. कुणी तरी ओरडलं, "हिला कुणी येऊ दिलं?" तिनं आवाज चढवला नाही.

"बुवा, मला मामांना एकच प्रश्न विचारायचाय. तुम्ही तेवढं सीटवर मांडी घालून बसा."

"चैतन्याला आसन बदललेलं चालत न्हाई."

"देवाला मांडी चालते, मामांना का चालणार नाही?"

गर्दीत खसखस पिकली. बुवांना मांडी घालावी लागली. राजेश्रीनं विचारलं, "मामा, आलाव का?" काही नाही. बुवांनी हात हलवले, मंत्र म्हटले, घाम पुसला. हॉर्न गप्प. "अविश्वासानं शक्ती रुसली," ते म्हणाले. राजेश्रीनं माझ्याकडं बघितलं.

मी पुढं गेलो. बुवांना उतरवून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि लोंबतं बंडल बोटानं वर ढकललं. पोंऽऽ! सोडलं, बंद. पुन्हा ढकललं, पुन्हा पोंऽऽ! मग वायर ओढून बाहेर काढली. प्लास्टिक सोललं होतं, तांबं उघडं पडलं होतं.

"ही वायर ह्या भोकाच्या कडेवर घासून सोलली. ती पत्र्याला टेकली की हॉर्न वाजतो. बुवा गुडघ्यानं टेकवायले. चैतन्य न्हाई, काई न्हाई." मी भोकाची कड बोटानं दाखवली. "इथं रबर पायजे होतं. मी बसवलं न्हाई. ताईंनी सांगितलेला किट मीच नको म्हणलो. आन् हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

एकदम आरडाओरडा झाला. बुवा "आमी निमित्तमात्र" म्हणत घराच्या मागच्या दारानं गेले, कुणी अडवलं नाही. मला बुवांचं काहीच वाटलं नाही. धुरपताकाकू वायरीकडं बघत माझ्यासमोर उभ्या होत्या.

"म्हणजे ते आलेच नव्हते?"

"न्हाई, काकू."

त्या मटकन खाली बसल्या. महिनाभर त्या रोज त्या गाडीशी बोलत होत्या. माझ्या एका सोललेल्या वायरीनं त्यांना नवरा परत दिला होता, आणि आता मीच तो दुसऱ्यांदा नेला. राजेश्रीनं त्यांना पाणी आणून दिलं. काकूंनी तिचा हात धरला. दत्तराव म्हणाला, "घरात चल ना." ती म्हणाली, "आज नाही. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असता तर मी गेलेच नसते."

जाताना ती माझ्यापाशी थांबली. "काका, बुवाला फक्त एवढंच ठाऊक होतं की गुडघा लावला की वाजतो. का वाजतो, हे तिथं तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं."

गाडीला पुढं योग्य किट बसला. परभणीच्या मिस्त्रीनं बसवला, मला कुणी बोलावलं नाही. राजेश्री पावसाळ्यात घरी परतली, स्वतःच्या अटींवर, असं ऐकलं.

शाळेत मी अजून जातो. कापूर आता जिभेवर ठेवत नाही, ही हकिकत सांगतो. पोरांनो, वस्तू आपोआप वाजली, हलली, पेटली तर हात जोडायच्या आधी ती उघडून बघा. कुणाला उघडू देत नसतील तर का देत नाहीत, ते विचारा. आणि कारण तुम्हाला ठाऊक असेल, तर ते तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा. त्यात स्वतःची चूक उघडी पडत असेल तर आधी तीच सांगा. मी सांगितली नाही, आणि एका बाईला घर सोडून जावं लागलं.