मोहवहाळचा सरळ रस्ता

धरणाचे पाणी त्या वर्षी मे महिन्यातच इतके खोल गेले, की पंचावन्न वर्षांपूर्वी त्यात बुडालेले मोहवहाळ गाव वर आले. वर आले असे आपले म्हणायचे. भिंती कधीच विरघळून गेल्या होत्या. वर आली ती घरांची जोती, मारुतीच्या पाराचे काही दगड आणि पाण्याने काळेठिक्कर पडलेले चिंचेचे एक खोड. कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत नाशिक रोडला मनोजच्या फोनवर आला. त्याने तो पाहिला आणि लगेच पुसून टाकला. दादांनी गाव पाहायचे तर प्रत्यक्षच पाहावे, असे त्याला वाटले.

दादा म्हणजे त्याचे वडील, कोंडाजी. गाव बुडाले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे प्रेसमध्ये नोकरीला लागले, तिथूनच निवृत्त झाले, आणि गेल्या दिवाळीपासून हळूहळू विसरू लागले. गॅसवर दूध ठेवून गच्चीत जाऊन बसत. एकदा तर त्यांनी सुनेलाच, तृप्तीला, मोठ्या अदबीने विचारले होते, "आपण कुणाकडे आलात?" डॉक्टर म्हणाले होते, "आधी कालचं जातं. जुनं सगळ्यात शेवटी जातं." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसे मनोजने ते वाक्य धरून ठेवले होते.

रोज संध्याकाळी जेवणाआधी तो विचारी, "दादा, मारुतीपासून निघालो. पहिलं घर कुणाचं?"

सकाळी चहा घेतला की नाही हे ज्यांना आठवत नसे, ते दादा न अडखळता सांगू लागत, "डाव्या हाताला चिमणाबाईचं. तिच्या ओट्यावर जातं. मग भिमाजीचं. मग तळ्याकडं जाणारी बोळ, ती सोडायची. सरळ आलं की आपलं घर." एकही घर मागेपुढे होत नसे. मनोजने ते गाव कधी पाहिले नव्हते, आणि दादांचे बोलणे ताडून पाहायला त्याच्या ओळखीचे दुसरे कुणी उरलेही नव्हते. तरी त्याने मनाशी एक धरले होते: ते गाव जोवर खरे, तोवर दादा शाबूत आहेत.

म्हणून एका रविवारी सकाळी तो त्यांना घेऊन निघाला.

गाडी नवी होती, काळी, अवाढव्य, अडीच टनांच्या घरात वजनाची. अंबडच्या कारखान्यात द्राक्षांचे खोके बनवता बनवता मनोजने आयुष्यात एवढी एकच चैन केली होती. विकणारा मुलगा म्हणाला होता, "सर, ही भिंतीवरसुद्धा चढेल." गिअरशेजारी एक गोल खटका होता, बर्फ, वाळू, चिखल अशी चित्रे त्यावर होती. जमीन जशी असेल तसे चित्र निवडायचे, बाकी चारी चाके आपापले पाहून घेतील, असा त्या गाडीचा एकंदर भरवसा होता.

डांबरी रस्ता धरणाच्या काठाशी, बुडाल्यासारखा संपला. खाली तळ पसरला होता. वरून वाळलेला, भेगाळलेला, राखेच्या रंगाचा. फार दूर पाण्याची एक शिळी रेघ. मध्ये मध्ये काकडी-टरबुजांचे हिरवे चौकोन आणि कुडाच्या झोपड्या दिसत होत्या. पाणी ओसरले की त्या उघड्या गाळात काही जण दरवर्षी पेरणी करीत आणि पाणी परतले की उठून जात. काठावरून एक पायवाट निघाली होती. माणसांच्या आणि बैलांच्या पावलांनी घट्ट झालेली ती वाट थोडे अंतर सरळ जाऊन उजवीकडे वळत होती.

वळणापाशी मनोजने वेग कमी केला.

"सरळ," दादा म्हणाले.

"वाट उजवीकडे जातेय, दादा."

"वाट आत्ताची आहे. रस्ता सरळ आहे. समोर मारुती." त्यांचा आवाज कित्येक महिन्यांत इतका ठाम लागला नव्हता. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून ते पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळा सुटलेल्या मुलाची घाई होती.

समोर पाऊल नव्हते, चाकोरी नव्हती. मनोजला ते दिसत होते. पण इथे उजवीकडे वळणे म्हणजे दादांना खोटे ठरवणे, आणि तेवढे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. त्याने खटका फिरवून चिखलाचे चित्र निवडले आणि गाडी सरळ घातली. दूर एका झोपडीपाशी कुणी बाई दोन्ही हात हलवीत होती. काचा बंद होत्या, आत गारवा होता. बाहेरचा आवाज आत येत नव्हता.

पन्नासेक पावले जमिनीने गाडी तोलून धरली. मग मागचा भाग कुणी हाताने दाबल्यासारखा खाली बसला. मनोजने पाय दाबला, तर इंजिनाने आवाज वाढवण्याऐवजी उलट कमी केला. चाक निसटते आहे हे कळून गाडीने आपणहून जोर काढून घेतला होता. स्टिअरिंगसमोरच्या काचेमागे पिवळा दिवा लुकलुकू लागला. त्याने ती सोय बटण दाबून बंद केली आणि पुन्हा पाय दाबला. चारी चाके गरागरा फिरली, वाळला पापुद्रा फुटला आणि खालून काळा, ओला, कुबट गाळ उसळून काचांवर आला. टायरांच्या खाचा लिंपून लोण्याच्या गोळ्यासारख्या गुळगुळीत झाल्या. आणखी दोनदा त्याने तेच केले. तिसऱ्यांदा गाडीचे पोटच गाळावर टेकले, आणि मग चाके फिरत राहिली तरी काहीच हलेना.

दार उघडले तेव्हा झोपडीकडून एक म्हातारा आणि मघाची बाई लगबगीने येत होती.

"हाका मारून घसा बसला माझा!" बाई लांबूनच म्हणाली. "काचा लावल्यावर देव वरडला तरी काय ऐकू यायचं?"

"नवसाबाई, आता त्याला घाबरवू नको," म्हातारा म्हणाला. मग गाडीभोवती फिरून त्याने कौतुकाने जीभ टाळ्याला लावली. "लय मोठी हाय. गेल्या आठवड्यात एक लाल आली व्हती. तिचा आरसा तुटून ऱ्हायला. मी त्यात दाढी करतो."

"दाढी करतो म्हणं," नवसाबाई म्हणाली. "आठ दिसांचं खुंट तसंच हायेत."

दादा उतरून उभे राहिले होते. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, डोळे बारीक केले, आणखी जवळ आला.

"कोंडाजी का रं तू?"

दादांना क्षणही लागला नाही. "लहान्या! आरं, तुला अजून दात हायेत?"

"चार हायेत. पण एकमेकांना भेटत नाय."

दोघेही हसले, एकमेकांचे खांदे धरून, लहान मुलांसारखे हसले. मनोज घोट्यापर्यंत गाळात उभा होता, गाडी गेल्यासारखीच होती, तरी त्याच्या छातीतून काहीतरी सैल होऊन खाली उतरले. पंचावन्न वर्षांनी भेटलेला माणूस दादांनी ओळखला होता. डॉक्टरांचे खरे होते. जुने आहे, अजून आहे.

"बघ, मारुतीच्या दारातच रुतली," दादा म्हणाले. "देवानंच थांबवलं म्हणायचं."

त्या म्हाताऱ्याचे, लहानूचे, हसू अजून मावळले नव्हते. "कुठला मारुती? गायतळं हाय हे, कोंडाजी. म्हशीचं शेपूट धरून हितंच पोहायला शिकलास नव्हं? गावाचा सगळा गाळ यात जमलाय. दहा हात खोल असंल."

"मारुती हाय हितं."

"मारुती त्या तिकडं, चिंचेच्या खोडापाशी. उगवतीला."

"मावळतीला," दादा म्हणाले. "दिवा लावायला जायचो तवा देवळामागं दिवस बुडायचा."

"दिवस तळ्यात बुडायचा, गड्या," लहानू म्हणाला. हे मात्र तो हळू बोलला. बोलता बोलताच त्याला काहीतरी उमगले असावे. त्याने मनोजकडे पाहिले आणि धोतराचा सोगा उगीच नीट केला.

गाळातून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता. दादा चिंचेच्या खोडाकडे पाहत होते, मग तळाकडे, मग पुन्हा खोडाकडे. मनोजला ते पाहवेना.

"माझीच चूक झाली," तो घाईने म्हणाला. "दादा उजवीकडेच म्हणाले होते. मीच सरळ घातली."

दादांनी मान वळवली. किती तरी दिवसांनी त्यांची नजर इतकी स्वच्छ होती.

"मी सरळ म्हणालो," ते म्हणाले. "तू वाट उजवीकडे जातेय म्हणालास, आणि मी सरळ म्हणालो."

त्यांना आठवत होते. कालचे आधी जाते म्हणतात, आणि इथे मघाचा शब्द न् शब्द त्यांच्यापाशी होता. गेले होते ते गाव. मनोजला मान वर करता आली नाही.

लहानूने मग कामाला हात घातला; त्या घटकेला दुसरा उपायही नव्हता.

"आधी तिचा आवाज बंद कर. जेवढी वरडंल तेवढी खाली जाईल."

"ट्रॅक्टर मिळेल का कुठे?"

"मिळंल की. मग दोन काढत बसू." त्याने टायरावर थाप मारली. "हवा सोड यातली. निम्मी सोड. फुगल्यालं चाक रुततं, बसकं चाक पसरतं."

मनोज काडीने एकेका चाकाची हवा सोडत बसला. फुसफुसणाऱ्या त्या आवाजाबरोबर गाडीचा सगळा डौल निघून जात होता. लहानू फावड्याने चाकांमागचा गाळ ओढीत होता. नवसाबाई झोपडीकडे गेली आणि थोड्या वेळाने डोक्यावर कूड घेऊन आली. कारवीच्या काठ्या विणून, वरून शेणमाती सारवून केलेली ती झोपडीची भिंत होती. ती टाकून ती दुसरी आणायला वळली.

"अहो, घराची भिंत आहे ती!" मनोज म्हणाला.

"भिंत कसली, आडोसा," ती म्हणाली. "महिन्याभरात पाणी यायचंच. तवा उचलून न्यायची, ती आज उचलली. वारा लागंल, एवढंच."

चार कूड चारी चाकांमागे दाबून बसवले. "पुढं नको, मागं घे," लहानू म्हणाला. "आली त्याच चाकोरीनं. आणि पाय हलका ठेव, अंड्यावर ठेवल्यासारखा." मनोजने तसे केले. चाके हळूच फिरली, कारवीवर चढली; काठ्या एकामागून एक कडाकडा मोडू लागल्या. त्या मोडत होत्या म्हणूनच चाकांना धर मिळत होता. तिघे पुढून रेटत होते. त्यांत दादाही होते, गाडीच्या नाकाला खांदा लावून, डोळे मिटून. एक खोल, ओला हुंकार देऊन गाळाने गाडी सोडली.

पायवाटेवर आल्यावर लहानूने हात झटकले. "चल कोंडाजी, आता गाव दाखवतो. चालत धा मिनिटं. तुझ्या घराचं जोतं सगळंच्या सगळं हाय."

"मनोज येईल," दादा म्हणाले. "माझे पाय चालायचे नाहीत."

त्यांच्या पायांना काही झाले नव्हते. सकाळी तीन जिने ते कठड्याला न धरता उतरले होते. पण ते गाडीत बसले आणि दार त्यांनी स्वतःच ओढून घेतले.

मनोज लहानूच्या मागे निघाला. चिंचेच्या खोडापाशी पाराचे दगड होते. चिमणाबाईचे जोते उजव्या हाताला निघाले. भिमाजीचे त्या ओळीत नव्हतेच. तो वरच्या आळीत राहायचा, असे लहानू म्हणाला. मग एका जागी तो थांबला. "हे तुमचं." दहा पावले लांब, आठ पावले रुंद. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला, आणि त्या झिजेत गाळ वाळून बसलेला. इथून निघून दादा रोज संध्याकाळी कुठल्या तरी दुसऱ्याच गावात जात होते. ते गाव याहून मोठे होते, सरळ रस्त्याचे होते, आणि मनोजला तेच पाठ होते. उंबऱ्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. आत पाऊल टाकायचे त्याला सुचले नाही.

दादा विचारतील तेव्हा द्यायची दोन्ही उत्तरे, खरे आणि खोटे, त्याने परतताना जुळवून पाहिली. खोटे बोलणे सोपे होते. पण एक खोटे आज दादांनी पकडले होते, आणि त्यांचे तेवढे भान तरी त्याला त्यांच्याकडून हिरावून घ्यायचे नव्हते.

गाडीत बसताच दादांनी विचारले, "मारुती कुठं निघाला?"

"उगवतीला, दादा."

दादांनी मान हलवली. गाडी बसक्या चाकांवर डुलत काठाकडे निघाली. नवसाबाईची झोपडी मागे गेली; दोन अंगांनी ती उघडी होती, आणि आतला पाण्याचा हंडा, टांगलेली गोधडी लांबूनही दिसत होती.

"म्हणजे चिमणाबाई उजव्या हाताला," दादा म्हणाले.

"हो."

"मग तळं मागं गेलं." त्यांनी उजव्या हाताचे बोट उचलले आणि समोरच्या काचेवर, धूळ आणि गाळ यांच्या आतल्या बाजूने, ते हळूहळू फिरवू लागले. सगळे गाव एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचे होते. एक घर उचलले की शेजारचे जागा सोडी; बोळ धरली की रस्ता सुटे. बोट एकदा डावीकडे गेले, परतले, पुन्हा मारुतीपाशी आले. "मग भिमाजी. मग ती बोळ. आणि मग आपलं…"

बोट थांबले.

घर कुठे आहे ते आता मनोजला माहीत होते. "दादा," तो म्हणाला.

"थांब," दादा म्हणाले. "बोलू नको. सापडंल."

गाडी चढणीला लागली. दादा बोट काचेवर तसेच टेकवून समोर पाहत राहिले.