पैलवानाच्या पोटऱ्या

धैर्यशीलच्या पोटऱ्या कुणी वाखाणल्या, की नाथाजी पैलवान असा काही फुगायचा की विचारू नका. पोरगं साडेचार वर्षांचं, बाकी अंगानं बेताचंच. पोटऱ्या मात्र भरलेल्या, गोल, हाताला टणक. औंधच्या अलीकडचं त्यांचं गाव. नाथाजीनं तरुणपणी यमाईच्या यात्रेत कुस्त्या मारल्या होत्या. मग गुडघा गेला आणि कुस्तीची लांग सुटली. लेक धनाजी तालमीत टिकला नाही, फौजेत गेला. आता सगळी भिस्त नातवावर, धैर्यशीलवर. पारावर बसला की पोराला पुढ्यात उभं करायचा आणि म्हणायचा, "दाबून बघा. बघा की! नुसतं दूध पाजून हुतंय व्हय असं? रक्तातच असावं लागतंय, गड्या." लोक दाबून बघायचे, माना डोलवायचे. त्यांच्या बापाचं काय जात होतं!

अंगणवाडीच्या अंजनाबाईंच्या जिवाला मात्र घोर लागला होता. शाळेत जायच्या आधी पोराला काय काय यायला हवं, त्याचे त्यांचे खेळ ठरलेले: मणी ओवायचे, रंग ओळखायचे, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, एका पायावर उभं राहायचं, बेडूकउडी मारायची. गोष्टीत धैर्यशीलचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोल्ह्याच्या गोष्टीत हा पठ्ठ्या मधेच ट्रॅक्टर घुसवायचा, कोल्ह्याला त्यावर बसवून पार विट्याच्या बाजाराला धाडायचा, आणि सगळी पोरं आ वासून ऐकायची. पण बेडूकउडी आली की त्याचे पाय जमिनीवरून सुटतच नसत. खाली बसलं की उठतानाही तीच तऱ्हा. आधी हात जमिनीला, मग गुडघ्याला, मग मांडीला, असं स्वतःच्याच अंगावरून चढत चढत उभं राहायचं. बाईंनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस त्या सरळ घरी आल्या.

"तात्या, पोरगं लय हुशार हाय," त्या म्हणाल्या. "बोलण्यात सगळ्यांच्या म्होरं. पण पायात जोर न्हाई. एकदा सांगलीला लहान पोरांच्या डॉक्टरला दावा."

"पायात जोर न्हाई? ह्या पायात?" नाथाजीनं नातवाला ओढून पुढं घेतलं आणि पोटरीवर थाप मारली. "डोळं फुटलं का बाई तुमचं?"

"पोटरी दिसती मला. मग उडी का मारंना पोरगं, येवढंच सांगा."

नाथाजी भडकलाच. अंगणवाडीत बसून बसून, खिचडी खाऊन खाऊन पोरगं मऊ पडलं, आम्ही काय ते बघू, उद्यापासनं धाडत न्हाई, असं सगळं आळीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला. सून शिवांजली दारात उभी होती. तिनं बाईंकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सासऱ्याला उलट बोलायची तिची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर पोटऱ्या बघून तिलाही वाटे की म्हातारा म्हणतो ते खरं असेल.

झालं! दुसऱ्या दिवसापासून धैर्यशीलची गोष्ट बंद आणि तालीम सुरू. सकाळी तेल लावून नाथाजी त्याचे पाय चोळायचा. बदाम घोटून द्यायचा, तालमीच्या लाल मातीत उभा करायचा आणि बैठका मारायला लावायचा. पोरगं खाली बसायचं ते सहज. उठताना हात मांडीकडे जायचा. तिथं नाथाजीचा पारा चढायचा.

"हात काढ! मांडीला हात लावून उठतो त्यो पैलवान न्हवं, म्हातारी!"

हातात निरगुडीची बारीक छडी असायची. हात मांडीवर आला की ती हातावर बसायची. फार जोरात नाही, नाथाजीच्या मते तर मुळीच नाही. मग त्यानं पोराला हात पाठीमागं धरून उठायला शिकवलं. पोरगं कण्हत कण्हत अर्धवट उठायचं, धपकन बसायचं, आणि पुन्हा उठायला बघायचं. रडायचं नाही. आपले आबा खूश झाले पाहिजेत, एवढंच त्याच्या डोक्यात. आणि नाथाजीचाही जीव होता हो त्याच्यावर! दुपारी मांडीवर घेऊन, आपल्या हातानं भाकरी चुरून भरवायचा. जीव होता म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं.

दिवाळी उलटली आणि पोरगं चालता चालता पडायला लागलं. यमाईच्या डोंगराला नेलं, तर थोड्याशा पायऱ्या चढून बसलं ते बसलंच. नाथाजी म्हणाला, "आळस शिरलाय. बैठका वाढवू." त्या संध्याकाळी शिवांजलीनं पोराचे हात धुताना मनगटावरचे छडीचे वळ पाहिले. तिनं धनाजीला फोन लावला आणि बाहेर येऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी, ह्यांच्याशी बोलले मी. उद्या पोराला सांगलीला नेणार. तुमी आला तर आला, न्हाई तर मी एकली जाती."

नाथाजी गेला. सुनेला आणि त्या अंगणवाडीवालीला खोटं पाडायला गेला. डॉक्टरांनी पोराला उडी मारायला लावली, खाली बसवून उठवलं, रक्त घेतलं आणि रिपोर्टला पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी धैर्यशीलची पोटरी हातात धरली. नाथाजीला वाटलं, आता वाखाणतील.

"ही ताकद नाही, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "आतला स्नायू झिजतोय. त्याच्या जागी चरबी भरते, म्हणून पोटरी मोठी दिसते. जन्मापासूनचा आजार आहे."

"बरं हुईल न्हवं?" शिवांजलीनं विचारलं.

"बरा होत नाही. औषधानं चालणं थोडं लांबवता येतं. पुढं चाकाची खुर्ची लागेल. त्याच्याही पुढचं मी सावकाश सांगेन." मग त्यांनी विचारलं, "व्यायाम वगैरे करून घेता का?"

नाथाजी म्हणाला, "बैठका. रोज."

"आजपासून बंद. त्यानं झीज वाढते." डॉक्टर चिडले नव्हते, थकलेले वाटत होते. "पोरगं बोलतं छान. अंगणवाडीत जातं ना? ती तेवढी सोडू नका."

सांगलीच्या स्टँडवर विट्याच्या गाडीला वेळ होता. शिवांजली फोन घेऊन खांबाआड गेली. नवऱ्याशी बोलताना तिचे खांदे हलत होते. नाथाजी बाकावर बसून होता. गर्दीतनं माणसं पायावर पाय देऊन जात होती, त्याला पत्ता नव्हता. आपण काय केलं, ते आता त्याला स्वच्छ दिसत होतं आणि ते दिसणं सहन होत नव्हतं. शेजारी धैर्यशील त्याच्या तोंडाकडं टक लावून बसला होता.

"आबा, मला डॉक्टरपुढं उडी आली न्हाई, म्हणून गप हाय का तुमी?"

नाथाजीनं तोंड फिरवलं. तसं पोरगं बाकावरनं घसरत खाली उतरलं, हात पाठीमागं धरले आणि फरशीवर बसलं. उठायला गेलं, कलंडलं, आपटलं.

"थांबा, परत करतो. आता जमंल. रागावू नगा."

नाथाजी तसाच दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. बघू देत! त्यानं पोराचे दोन्ही हात धरून पुढं ओढले आणि त्याच्या मांडीवर ठेवायला गेला.

"हात लाव रं बाळा. मांडीला हात लावून ऊठ. मी सांगतोय न्हवं, लाव हात!"

धैर्यशीलनं हात झटकन सोडवून घेतले.

"न्हाई. तुमी परत माराल," तो म्हणाला, आणि हात पाठीमागं घट्ट धरून पुन्हा उठायला बघू लागला.