वाटीतली कणीक

भोईवाड्यातल्या त्या खोलीत अन्नाचा कण वाया जात नसे. त्याच शिस्तीवर महिन्याचे धान्य पुरे. म्हणूनच सकाळी रिकामी वाटी पाहून मालन गारठली. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि साखर घालून तिने रात्री मळलेला कणकेचा विषारी गोळा तीत ठेवला होता.

"आई, यातली कणीक कुठे गेली?"

"टाकायची कशाला गो? चपाती लाटून दिली आकांक्षाला," सासू राधाबाई म्हणाल्या.

मालनने लेकीचा चेहरा धरून तोंड हुंगले.

"खाल्लीस?"

"नाही. तूच रोज भूक नाही म्हणत उपाशी राहतेस. म्हणून तुझ्या डब्यात ठेवली."

मालनने डबा उघडला. मूठभर भातावर चपाती अख्खीच होती. तरीही तिने लेकीचे तोंड पुन्हा एकदा हुंगले.