नव्याचा घास

नळी मी काढू दिली असं कमळाकर सगळ्या कडाव गावात सांगत फिरतोय. फिरू दे मेल्याला! पोरगा माझाच हाय, मीच जन्माला घातलाय.

आमच्या ह्यांच्या घशात गाठ झाली. आधी भाकरी बंद, मग मऊ भात बंद, मग पाणीसुद्धा नाकातनं बाहेर. आवाज तर कधीच गेला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, घरी न्या. जाताना नाकातनं पोटापर्यंत रबरी नळी घालून दिली. पेज फडक्यातनं गाळायची आणि काचेच्या पिचकारीनं नळीत सोडायची.

"ह्यानं गाठ जाईल का?" मी विचारलं.

"नाही बाई. दिवस निघतील."

तेवढंच मी धरून बसले. माझ्या दारातनं भिकारी उपाशी गेला नाय, मग नवरा जाईल? पेज काय, दूध काय, चालूच. त्यांच्या पोटाला तडस लागायची, ते मान हलवायचे, आणि मी आपली "थोडंच राह्यलंय, घ्या" करत पिचकारी दाबायची. छातीत घरघर व्हायची. त्यांनी नळी उपसली. कर्जतहून कंपाऊंडर आला, त्यानं परत घातली, तेव्हा नाकातनं रक्त आलं. त्यांनी परत उपसली. मग कमळाकरनं माझं जुनं लुगडं फाडलं आणि त्यांचे हात खाटेला बांधले. बापाचे हात!

"अरे, वळ उठतील रं," मी म्हटलं.

"मग मरू देऊ? सांग ना आये, मरू देऊ?" असं म्हणून पोरगा ढसाढसा रडला. त्याच्यावर रागावू तरी कशी? मी गाठ जरा सैल केली, पण सोडली नाय.

आमी चुलीमागं लपून जेवायचो. वास त्यांना जायचाच.

त्यातच भात झोडून झाला, नवा तांदूळ घरात आला. आमच्यात घरच्या कर्त्यानं नव्याचा पहिला घास तोंडात घ्यायचा, मग बाकीच्यांनी. मी नव्याची पेज केली आणि नळीत सोडली.

"झालं नवं," हातपाय धुवायला विहिरीवर जाताना कमळाकर म्हणाला. "वाढ आता."

मी ताट घेतलं आणि खाटेकडं बघितलं. ते मान हलवत होते. नाय, नाय. घास तोंडात गेलाच कुठं होता?

मी चिमूटभर भात त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. डोळ्यांनी नळी दाखवली, मग भात दाखवला, मग परत नळी. आई गं, मला कळलं नसतं तर बरं झालं असतं!

"ही काढल्यावर तुमी जगणार नाय हो."

त्यांनी मान डोलावली.

मी भांडले. मला एकटीला टाकून जाणार का, म्हणून शिव्या दिल्या, पायावर डोकं आपटलं. त्यांनी परत डोळ्यांनी नळीच दाखवली. मग मी त्यांचे हात सोडले.

नळी त्यांनी स्वतः काढली. मी त्यांच्या जिभेवर नव्याचं एक शीत ठेवलं. गिळता येत नव्हतंच, तोंडात तसंच धरलं आणि डोळे मिटले. "गोड हाय?" मी विचारलं, तर मान डोलली.

कमळाकर परत आला, नळी बघितली आणि तसाच कर्जतला पळत जाऊन कंपाऊंडरला घेऊन आला. मी दारात आडवी झाले.

"आये, तू बाबाला उपाशी मारतेस!"

"मारते म्हण! पण त्यांच्या हाताला आता कोणी शिवायचं नाय."

कंपाऊंडर खाली मान घालून निघून गेला. आत आले तर हे ताटाकडं बोट दाखवत होते. नळी आल्यापासून मी त्यांच्यासमोर घास घेतला नव्हता. खाटेशी बसले, भात कालवला. घास हातातच धरून बसले. ते बोट हलवत होते, घे म्हणून. मी रडत रडत सगळं ताट संपवलं, तेव्हा कुठं त्यांनी हात खाली ठेवला.

त्याच आठवड्यात ते गेले.

कमळाकर अजून नव्या भाताला शिवत नाय. मी रोज त्याच्यापुढं ताट ठेवते, आणि तो तोंड घट्ट मिटतो, अगदी बापासारखं. घे रं बाबा, एवढंच म्हणते. त्याच्या तोंडाशी घास न्यायला माझा हात उचलत नाय.